मागे बसणारे नाना

नानांच्या पंच्याहत्तरीला मी त्यांना व्हिडिओ गेमचा कंट्रोलर भेट दिला. ही माझी चूक होती.

आणि ती घाईगडबडीत झालेली नव्हती. दुकानात जाऊन, रंग निवडून, चकचकीत कागद आणि वर लाल फीत लावून मी ती केली होती. माझी बायको सुजाता आदल्या दिवशी म्हणाली होती, "शाल द्या. सगळे शालच देतात." पण सगळे देतात तेच दिलं तर माझी हुशारी दिसणार कुठे? ती दिसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नानांनी दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी येणं बंद केलं.

नाना आमचे जळगावातले शेजारी. मी मूळचा धुळ्याचा, बँकेतल्या बदलीने इथे आलेलो. नाना भडगावजवळच्या, गिरणेकाठच्या एका गावचे. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी अक्का आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होते. उंच, किडकिडीत माणूस, अंगात पांढरा सदरा आणि तोंडात कायम एक लवंग. नानांच्या दोन भाषा होत्या. एक कचेरीतली, 'आपण कळवावे' असली, इस्त्री केलेली. दुसरी घरची, अहिराणी. पहिली ते परक्यांशी बोलत, दुसरी अक्कांशी. मी यातला कोण, हे मला पहिल्या भेटीतच कळलं.

ते आले होते शिडी परत करायला. गच्चीवरच्या टाकीत काहीतरी बिघडलं म्हणून त्यांनी ती सुजाताकडून नेली होती. मी हॉलमध्ये गादीवर मांडी घालून टीव्हीवर एका माणसाला डोंगरावर चढवत होतो. पाठीवर पिशवी, कमरेला दोर असा हा माणूस. हात सुटला की तो सरळ पायथ्याशी येतो. मधे कुठे विसावा नाही, दया नाही. माझ्या हातून त्याचा हात सुटला. मागून आवाज आला, "गया."

मी वळून पाहिलं तर दारात नाना, खांद्यावर शिडी.

"या ना नाना, बसा."

"नको, नको. चालू द्या आपलं," ते म्हणाले. कचेरीतली भाषा.

मी चालू दिलं. बऱ्याच वेळाने पाणी प्यायला उठलो तर नाना तिथेच उभे होते. शिडी खांद्यावरच होती, आणि तिचं दुसरं टोक दाराबाहेर गेल्यामुळे सुजाता भाजीची पिशवी घेऊन अंगणात ताटकळत उभी होती. नाना गडबडले, तिला वाट दिली, "माफ करा वहिनी" म्हणाले आणि घरी गेले. शिडी घेऊनच गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते रिकाम्या हाताने आले, माझ्या गादीमागे प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "चाल भो, चढाव त्याले." मी घरचा झालो होतो.

नाना स्वतः कधीच खेळायचे नाहीत. फक्त बघायचे. पण त्यांचं बघणं म्हणजे रिकामपणाचा उद्योग नव्हता. ते शेजारी बसत नसत, मागेच बसत, माझ्या डाव्या खांद्याच्या रेषेत. चढण सुरू झाली की खोकणं नाही, उठणं नाही, "अरे अरे" नाही. अक्कांनी भिंतीपलीकडून हाक मारली तरी माणूस पडेपर्यंत हूं की चूं नाही. पडला की एक शब्द, "गया." मग लवंग या गालातून त्या गालात जायची आणि मी पुन्हा पायथ्यापासून सुरू करायचो.

ही शिस्त त्यांना आखाजीने लावली होती. आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि पुरुषमंडळी पारावर उघडपणे पत्ते कुटतात. एरवी पत्त्याला हात लावला म्हणून पाठ सोलणारा बाप त्या दिवशी मुलाच्याच समोर डाव मांडून बसतो. नानांनी आयुष्यात एकदाही पान हातात धरलं नव्हतं. तरी पारावर त्यांची वाट पाहिली जायची, कारण ते मागे बसायचे. "मांगे बठनार मानूस भिंतनागत पाहिजे," ते मला सांगायचे. "त्याले बठ्ठं दिसस, पन त्याना तोंडवर काहीच दिसाले नको." मागून पान दिसतं, आणि बघणाऱ्याची भुवई हलली तर समोरच्याला कळतं. नानांची भुवई कधी हलली नव्हती. त्यांचा गावातला मान एवढ्या एका गोष्टीवर उभा होता.

त्यांच्या आवडीनिवडी मात्र फार कडक होत्या, आणि त्या कुठल्याच तर्कात बसत नव्हत्या. मला वाटलं होतं, बंदुकीचे खेळ पाहून म्हातारा नाराज होईल. छे! "बठ्ठा मरी गयात?" सगळे मेले का, एवढीच चौकशी करून ते शांत बसले. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मोठ्या खेळांत मधेमधे गोष्ट पुढे नेणारे प्रसंग येतात, तेव्हा खेळणाऱ्याने हात बांधून पाहायचं असतं. राजा मरतो, राणी रडते, संगीत वाजतं. मला हे भाग फार आवडतात. एकदा तर माझे डोळे भरून आले होते. मागून नानांचा आवाज आला, "आते कोन खेळी ऱ्हायना?"

"आता कोणीच नाही, नाना. ही गोष्ट आहे."

"कोनीच नही? मग आपन कसाले बठनूत?" म्हणाले आणि राणी रडत असताना उठून भाजी आणायला गेले.

दुसरा एक खेळ होता. त्यात गावोगाव हिंडायचं आणि लोकांच्या घरात शिरून मडकी फोडायची. मडक्यात औषध, बाण असलं काहीबाही मिळतं. मला मडकं दिसलं की फोडल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येक कपाट उघडायचं, प्रत्येक पाला खुडायचा, सगळं पोत्यात भरायचं आणि शेवटपर्यंत वापरायचं नाही, ही माझी खेळण्याची पद्धत. नानांनी चार घरं पाहिली. पाचव्या घरात एक म्हातारी चुलीपाशी बसली होती. मी तिच्यासमोरच तिचं मडकं फोडलं.

"ती काही बोलत नाही?" नानांनी एकदम शुद्ध मराठीत विचारलं.

"नाही. ती बोलायला बनवलेलीच नाही."

"आणि आपण बँकेत असता," नाना म्हणाले. तो खेळ त्या दिवशी बंद झाला तो झालाच.

इंटरनेटवर लोक आपला खेळ दाखवत ओरडत असतात, तेही मी त्यांना दाखवलं. कानाला यंत्र लावलेला एक पोरगा किंचाळत होता. नानांनी थोडा वेळ ऐकलं. "याले काय चाई ऱ्हायनं का?" त्यांनी काळजीने विचारलं. त्याला काही चावत नाहीये, तो खेळतोय आणि लाखो लोक त्याला बघतायत, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "खेळनारानं तोंड मिटो, देखनारानंबी मिटो. मग खोलीमां खेळ ऱ्हास."

शेवटी सगळे खेळ गळून पडले आणि तो एक डोंगर राहिला. तिथे गोष्ट नाही, मडकी नाहीत, आणि मुख्य म्हणजे केलेला खेळ साठवून ठेवायची सोय नाही. बाकीच्या खेळांत मी दर चार पावलांनी साठवत असे. मेलो की मागे जाऊन पुन्हा जिवंत. हे एक दिवस नानांच्या लक्षात आलं. "म्हनजे मघाशी मरना तो मरनाच नव्हता?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, की कोणीतरी त्यांना खोट्या मौतीला नेऊन आणलं असावं. डोंगरावर मात्र पडला तो पडला. नानांना तोच पसंत.

मला यात माझं कौतुक दिसत होतं. सगळी कॉलनी सोडून हा जाणता माणूस माझ्याच मागे येऊन बसतो, म्हणजे माझ्या हातात काहीतरी असणार. दिवाळीत त्यांचा नातू ओम पुण्याहून आला. इंजिनिअरिंगला आहे. नानांनी त्याला माझा डोंगर दाखवायला आणलं. ओमने चहा थंड व्हायच्या आत असा कडा ओलांडला, जो मी कधी पाहिलाही नव्हता. वर ढग होते, ढगांत गरुड होते. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. नाना मधेच "पाणी पिऊन येतो" म्हणून उठले आणि घरी जाऊन पेपर वाचत बसले. सख्ख्या नातवाच्या मागेही त्यांना बसवेना! त्या रात्री जेवताना मी सुजाताला म्हणालो, "दर्दी माणूस आहे. नुसत्या वेगाला भुलत नाही. शैली बघतो."

सुजाताने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरीचा पुढचा घास ठेच्यात बुडवला.

पुढे एक दिवस मी टीव्हीच्या काचेत नानांचं प्रतिबिंब पाहिलं. मी चढत होतो आणि त्यांचा अंगठा सदऱ्याच्या खिशात हलत होता. माझ्या मनात दिवा पेटला. बिचारा माणूस! आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठीमागे बसला, कोणी कधी म्हणालंच नाही, की नाना, तुम्ही खेळा. (ते लवंगांची डबी उघडत होते. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.) आणि मग ती पंच्याहत्तरी आली.

हॉलमध्ये पाहुणे, गावाकडची माणसं, पुण्याहून मुलगा-सून. शाली झाल्या, नारळ झाले. मी पुढे झालो, लाल फितीचा खोका नानांच्या हातात दिला आणि भाषण केलं. कोणी मागितलं नव्हतं. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "नाना, खूप बघितलंत. आता मागून उठा आणि स्वतः खेळा!" शहरातल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गावाकडून आलेल्यांपैकी एकानेही वाजवली नाही. ते सगळे खाली बघत होते. मला वाटलं, गेम म्हणजे काय ते त्यांना कळलं नसेल.

नानांनी कागद न फाडता खोका बाजूला ठेवला. "आपला आभारी आहे," ते म्हणाले. कचेरीतली भाषा, कडक इस्त्रीची.

दुसऱ्या संध्याकाळी खुर्ची रिकामी. तिसऱ्या संध्याकाळीही. मग अक्का खोका घेऊन आल्या. वर केळीच्या वेफरची पुडी होती. "हे त्यास्ले नको म्हने," त्या म्हणाल्या. "आनि रागे भरेल नहीत, आसंबी सांगेल शे." रागावलेले नाहीत असं निरोप धाडून कळवणाऱ्या माणसाचा राग केवढा असेल, ते मला समजलं. कशाचा, ते समजेना. रस्त्यात भेटले की नाना "नमस्कार, ठीक आहे ना?" म्हणायचे आणि पुढे जायचे. 'भो' गेला होता.

मी कधी इतका वाईट खेळलो नाही, जितका त्या दिवसांत खेळलो. म्हणजे आधीही पडतच होतो, पण "गया" म्हणायला कोणी नसेल तर पडल्यासारखंही वाटत नाही. मी आवाज मोठा करून खिडकी उघडी ठेवली, म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जाईल. सगळ्या जळगावची धूळ आत आली, नाना आले नाहीत. मग म्हटलं, बघणारेच हवेत ना? मीही माझा खेळ इंटरनेटवर थेट दाखवायला सुरुवात केली. दोन जण बघताना दिसले. मी हुरूप येऊन चढू लागलो, त्यांना उद्देशून मराठीत चार वाक्यंही बोललो. नंतर कळलं की एक माझाच फोन होता. दुसरी सुजाता होती, स्वयंपाकघरातून.

"तुम्हाला काय चावलं का, ते बघत होते," ती म्हणाली.

आखाजी आली. अक्कांना गावी जायचं होतं, नानांचे डोळे आता गाडी चालवण्याइतके बरे नव्हते. अक्कांनी भिंतीपलीकडून विचारलं, "अविनाशभाऊ, येशात का गाडी लई?" मी तयारच बसलो होतो. पाचोऱ्यावरून भडगावपर्यंत नाना पुढच्या सीटवर होते आणि त्यांनी माझ्याशी कापसाचे भाव आणि रस्त्याची कामं या विषयांवर अत्यंत सभ्य संभाषण केलं. ऊन मी म्हणत होतं, पण गाडीत त्याहून जास्त मला नानांचं 'आपण' भाजत होतं.

गावात पारावर लिंबाखाली सतरंज्या पसरल्या होत्या. रमीचे डाव रंगले होते. नाना उतरले तसा एकाने आवाज दिला, "नाना उनात रे!" आणि दगडू आबा नावाच्या एका जाडजूड म्हाताऱ्याने, मागे न बघता, खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या पाठीमागे अंथरला. नाना त्यावर बसले. एवढंच. कोणी नमस्कार केला नाही, ख्यालीखुशाली विचारली नाही. दगडू आबा डाव हरले. पुन्हा हरले. मी पाहत होतो तोवर दगडू आबा हरतच होते, आणि मागे नाना, चेहऱ्याची भिंत करून, अत्यंत सुखात बसले होते.

मलाही स्फुरण चढलं. मी एका मिशीवाल्या गृहस्थामागे जाऊन बसलो. नानांचा शिष्यच मी! डाव्या खांद्याची रेष वगैरे साधली. त्याने पानं उचलली, हातात लावली, आणि ती अशी काही जुळून आली होती की माझ्या तोंडून निघून गेलं, "वा!"

समोरच्या तिघांनी आपापली पानं खाली टाकली. मिशीवाल्याने ती सोन्यासारखी पानं मिटवली, एकदाही रागावला नाही. वळून हसला आणि सगळी पानं गोळा करून माझ्यापुढे धरली. "घ्या साहेब, एक डाव तुम्ही खेळा."

काय हा पाहुणचार! मी म्हणालो, "अहो, नको नको," आणि घेतली. सतरंजीवर पुढे सरकून बसलो. पानं पिसली, वाटली, एक डाव खेळलो, सपाटून हरलो आणि धन्य धन्य होऊन अक्कांच्या घरी जेवायला गेलो. पानात खापरावरचे मांडे आणि आमरस पडला होता. नाना अजून पारावरच होते. मी रसात मांडा बुडवत अक्कांना सगळं रंगवून सांगितलं, की तुमच्या गावची माणसं किती मोकळी, परक्या माणसाला हातातली पानं काढून देतात.

अक्का वाढता वाढता थांबल्या. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की रसाचं पातेलं खाली ठेवावं लागलं. "आहो भाऊ, तुमले उठाडी दिधं त्यास्नी!"

त्यांनी समजावून सांगितलं. मागे बसणाऱ्यावर भरवसा उरला नाही, तो खाणाखुणा करतो असं वाटलं, तर तोंडावर कसं म्हणणार? सणाचा दिवस, सगळे भाऊबंद. मग त्याच्यापुढे पानं धरायची. एक डाव तुम्ही खेळा. शहाणा माणूस पानं घेत नाही. समजतो, उठतो आणि घरी जातो. "अन् तुम्ही त घीसन खेळनात!" अक्का पुन्हा हसल्या.

मी हसलो नाही. मांडा माझ्या हातात तसाच राहिला. लाल फितीचा खोका, टाळ्या, खाली बघणारी गावाकडची माणसं, सगळं एका रांगेत उभं राहिलं. सगळ्या गोतावळ्यासमोर, आवाज चढवून, मी त्या माणसाला मागून उठायला सांगितलं होतं. ज्याची भुवई सगळ्या आयुष्यात हलली नाही, त्याला.

"अक्का," मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं हो."

"माले ठाऊक शे. त्यास्लेबी ठाऊक शे. पन बठ्ठासना म्होरे व्हयनं ना ते."

"मग माफी मागू? आत्ता जाऊन?"

"काही मांगू नका. जागा करी ठेवा, अन् मांगे देखू नका."

जळगावात आल्यावर मी तो कंट्रोलर कपाटावर टाकला. गादीमागे खुर्ची ठेवली, खुर्चीवर माझा धुतलेला टॉवेल अंथरला. पुढचं दार सताड उघडं ठेवलं आणि डोंगराकडे तोंड करून बसलो. मागे बघायचं नाही, हे लिहायला सोपं आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी उघड्या दारातून कोण कोण येतं! एकदा पावलं वाजली, कोणीतरी बसलं, मी जीव ओतून चढलो, आणि मागून शेंगा फोडल्याचा आवाज आला. सुजाता होती. एकदा मांजर होतं. एकदा गॅसवाला होता आणि तो बिचारा बराच वेळ पैसे मागायचं सोडून बघत बसला. मी त्याच्यासाठीसुद्धा मान वळवली नाही.

दिवस गेले. मला वाटू लागलं, की आता टॉवेल उचलावा.

त्या संध्याकाळी कूलर घरघरत होता, त्यामुळे पावलं ऐकू आली नाहीत. मी एका कड्याला लोंबकळत होतो. आधी वास आला. लवंगेचा. मान आपोआप वळायला लागली, ती मी दात खाऊन धरून ठेवली. वर एक खोबण दिसत होती. तिथे हात पोचला की पुढे सोपं होतं. आज चढलोच पाहिजे, नानांसाठी चढलोच पाहिजे, असं म्हणत मी झेप घेतली, खोबण चुकली, आणि तो माणूस दगडावर आपटत, दोर फडफडवत, थेट पायथ्याला जाऊन पडला.

कूलरची घरघर. मग लवंग या गालातून त्या गालात गेली.

"गया," नाना म्हणाले. "चाल भो, परत चढाव."

आम्ही त्या गोष्टीवर कधी एक शब्द बोललो नाही.

पुढच्या वर्षी अक्कांचे गुडघे फार दुखायला लागले. मुलाने हट्ट धरला, पुण्याला चला. नाना "बघू" म्हणत राहिले. मीही मनात "बघू" म्हणत राहिलो. मग एका सकाळी अंगणात काहीतरी खरडल्याचा आवाज आला. दार उघडलं तर नाना, खांद्यावर शिडी.

"ही आपली राहून गेली होती," ते म्हणाले.

त्यांनी ती भिंतीला नीट टेकवली, हलवून पाहिली. शिडी परत आली तेव्हा मला पटलं, की नाना खरंच चालले. मला काहीतरी बोलायचं होतं, पण माझ्या भाषणांचा अनुभव दोघांच्याही लक्षात होता. नाना म्हणाले, "मांगली जागा राहू दे. कोनी बठस का देखू," आणि गेले.

कोणी बसलं नाही. पण पंधरवड्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी आनंदाने फोन तोंडासमोर धरला. पलीकडून नाना वैतागले, "तुन्हं तोंड काय देखू? फोन मांगे ठेव, खुर्चीवर." तेव्हापासून आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी माझा फोन टॉवेलवर, उशीला टेकून बसतो, माझ्या डाव्या खांद्याच्या रेषेत. पुण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये नानांना माझी पाठ, थोडं टक्कल आणि त्यापलीकडे डोंगर दिसत असणार. लवंगेचा वास तेवढा येत नाही.

परवा असाच पडलो आणि कॉल संपवताना मला राहवलं नाही. मागे न बघताच विचारलं, "नाना, तिथे ओम आहे. तो किती सुंदर खेळतो. घरातल्या घरात त्याच्या मागे बसायचं सोडून तुम्ही इथे माझ्या मागे का बसता?" खरं तर मला उत्तर माहीत होतं. शैली. मला फक्त ते त्यांच्या तोंडून, आणि सुजाता चहा घेऊन आली होती म्हणून तिच्यासमोर, ऐकायचं होतं.

खुर्चीवरून नानांचा आवाज आला, "ओमले बठ्ठं जमस रे भो. त्याना हात कोठे जाई ते त्याले आधीच ठाऊक ऱ्हास, मालेबी ठाऊक ऱ्हास. त्यामां काय देखू? आमना दगडू आबा गया, त्याना मांगे तुन्हाइतला वाईट खेळनारा माले कोठेच भेटना नही."